अबार्थ पुंटो की पोलो जीटी? १४५ विरुद्ध १०५ एवढ्यावर विषय संपत नाही

माझ्याकडे फियाटची अबार्थ पुंटो, मेहुण्याकडे फोक्सवॅगनची पोलो जीटी टीएसआय. दोन्ही मॉडेलं कंपन्यांनी आता बंद केली. दोन्ही आपल्या पुणे जिल्ह्यातच बनलेल्या, पुंटो रांजणगावच्या कारखान्यात, पोलो चाकणच्या. लग्नकार्यात चार पोरं जमली की कुठली भारी हा वाद निघतो आणि हॉर्सपॉवरवर मिटतो, पुंटोचे १४५, पोलोचे १०५. मला ते अजिबात पटत नाही.

परवा दोघं पहाटे सोलापूरहून तुळजापूरला निघालो. निघताना दोन्ही गाड्यांत कंपनीनं सांगितलेली हवा भरली, तीही टायर गार असताना. सोलापूरच्या उन्हात हे फार महत्त्वाचं. तापमान पाच-साडेपाच अंश चढलं की टायरची हवा साधारण एक पीएसआय वाढते. भर दुपारी मोजून भरलेली हवा पहाटे कमी भरते आणि लोक सस्पेन्शनला नावं ठेवतात.

तामलवाडीच्या पुढं गाड्या बदलल्या. पोलो वजनाला हलकी, १५०० आरपीएमपासूनच ओढ घेते, गिअर कधी पडला कळतही नाही. वळणात नाक झटकन आत घेते. गावात रोज चालवायला मी तीच निवडेन. पण तिचं स्टेअरिंग इलेक्ट्रिक, म्हणजे वळवायला विजेची मोटर मदत करते. पुढची चाकं काय करतायत त्याचा अंदाज बांधावा लागतो. पुंटोचं हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारं. सोलापुरात सात रस्त्याच्या गर्दीत जड लागतं, २००० आरपीएमच्या खाली टर्बोही (इंजिनात जादा हवा कोंबून ताकद वाढवणारा पंखा) जागा होत नाही. घाटात मात्र टायरवर भार वाढेल तसं ते हातात घट्ट होत जातं. वर पोचल्यावर मेहुणा म्हणाला, “दाजी, चाकाखालचा खडा पण हाताला कळतोय की ओ!”

आपल्याकडं अजून एक गोष्ट आहे, काळी माती. पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, वरचं डांबर लाटांसारखं होतं. मंगळवेढ्याच्या आतल्या रस्त्यांवर ऐंशीच्या वेगात लाट आली की पुंटो एकदाच दबून स्थिर होते. पोलो अजून एक हेलकावा खाते.

गेल्या गळीत हंगामात त्याच भागात अंधारात अचानक उसाचा ट्रॅक्टर पुढ्यात आला. मागं दोन ट्रॉल्या, ना दिवा, ना रेडियम. ब्रेक दाबतच गाडी उजवीकडं काढली आणि लगेच डावीकडं घेतली. मागची बाजू जराही सुटली नाही. आई मागच्या सीटवर होती, तिला वाटलं खड्डा चुकवला. माझे हात मात्र घरी येईपर्यंत थरथरत होते. त्या रात्री मला १४५चा आकडा आठवला नाही. आठवलं ते स्टेअरिंग, चारही चाकांचे डिस्क ब्रेक आणि महिन्यापूर्वीच घातलेले नवे टायर.

मेहुणा आता पोलोला १७ इंची चाकं टाकायचं म्हणतोय. मी स्पष्ट नको म्हटलं. चाक जड झालं आणि टायरची भिंत कमी झाली की आपल्या रस्त्यावर गाडी उडते, वळणात पकड जाते. तेवढ्या पैशात चार चांगले टायर आणि नवे शॉकअप बसव म्हटलं, मग परत त्याच घाटात जाऊ. रविवारी तो गाडी घेऊन येतोय.