इलेक्ट्रॉनचे खिसेकापू

भाचीची दहावी आली आणि ऑक्सिडीकरण-क्षपण पुन्हा माझ्या मानगुटीवर बसलं. वास्तविक शाळा सुटली तेव्हाच या जोडगोळीला मी गंगेत सोडून आले होते.

सुरुवात सोपी असते. ऑक्सिजन मिळाला किंवा हायड्रोजन गेला की ऑक्सिडीकरण. उलट झालं की क्षपण. तापलेल्या काळ्या कॉपर ऑक्साइडवरून हायड्रोजन सोडला की तो ऑक्सिजन पळवतो, त्याचं पाणी होतं, मागे लालसर तांबं उरतं. इथवर भाची खूश, मीही खूश. मग क्लासमध्ये तिला इलेक्ट्रॉन भेटले.

"मावशी, इलेक्ट्रॉन गेला तर ऑक्सिडीकरण, आणि मिळाला तर क्षपण? मिळाल्यावर कोणी क्षीण होतं का?"

मी म्हटलं, ऑक्सिडक म्हणजे खिसेकापू समज. दुसऱ्याचे इलेक्ट्रॉन मारतो, म्हणजे त्याचं ऑक्सिडीकरण करतो. पण त्या पाकिटांत निघतात नुसत्या उधारीच्या चिठ्ठ्या! इलेक्ट्रॉन पडला ऋण. त्यामुळे लुटला गेलेला फायद्यात आणि चोराचंच क्षपण.

या उफराट्या हिशेबाला माझ्या मते बेंजामिन फ्रँकलिन जबाबदार. विजेचं धन कोणतं नि ऋण कोणतं, हे त्यांनी अठराव्या शतकातच ठरवून टाकलं. थॉमसननी इलेक्ट्रॉन शोधला 1897 मध्ये. तोवर पाट्या लागून गेल्या होत्या; बिचाऱ्याच्या वाट्याला ऋणाची आली. फ्रँकलिननी उलट ठरवलं असतं तर महाराष्ट्रातल्या कितीतरी मावश्यांची अब्रू वाचली असती.

पुढच्या इयत्तांत ऑक्सिडीकरणांक येतो, म्हणजे संयुगातल्या अणूच्या इलेक्ट्रॉन-देवघेवीचा हिशेब: दिले तर अधिक, घेतले तर उणे. ऑक्सिजनचा उणे दोन. पाठ केलात? पेरॉक्साइडमध्ये उणे एक. फ्लोरिनशी गाठ पडली की चक्क अधिक दोन, कारण फ्लोरिन कोणाच्याच बापाला भीत नाही. आणि मॅग्नेटाइट या लोहखनिजातल्या लोखंडाचा सरासरी अंक येतो आठ तृतीयांश. प्रत्यक्षात दोन अणू अधिक तीनवाले, एक अधिक दोनवाला. पण सरासरी काढायचा सोस जनगणनेवाल्यांनाच असतो असं नाही.

भाचीला मात्र 'खरंखुरं क्षपण' डोळ्यांनी बघायचं होतं. तांब्याची कळशी चिंच-मीठ लावून घासून दाखवली तर म्हणाली, "यात आम्लाने ऑक्साइडचा थर नुसता विरघळला. इलेक्ट्रॉन कुठे कोणाचे गेले?" क्लासची फी वसूल होत होती तर.

मग गौरी-गणपतीसाठी काढलेलं चांदीचं निरांजन घेतलं. त्याच्यावरचा काळा थर सिल्व्हर सल्फाइडचा. हवेतल्या गंधकाच्या संयुगांनी चांदी काळवंडते, म्हणजे ऑक्सिडीकरण करूनही ऑक्सिजन नामानिराळा! पातेल्यात अॅल्युमिनियमची फॉइल अंथरली, निरांजन तिला टेकवून ठेवलं, वर खायचा सोडा, मीठ आणि उकळतं पाणी. अॅल्युमिनियम इलेक्ट्रॉन देऊ लागलं, तशी चांदीची चांदी होऊ लागली. न घासता! भाचीने टाळी दिली.

तेवढ्यात सुटं झालेलं गंधक थोडं हायड्रोजन सल्फाइड होऊन स्वयंपाकघरातून देवघराकडे निघालं. मी पंखा लावायला धावले. आई सोवळ्यात, मोदकांची उकड काढत होती. तिने नाक वर केलं आणि विचारलं,

"ऐन सणाच्या घरात अंडी कोणी फोडली गं?"