धार सुधारली एवढ्यावरून स्ट्रिक्चर गेले असे ठरत नाही

मूत्रमार्गाच्या स्ट्रिक्चरवर, म्हणजे तो मार्ग आकसून अरुंद होण्यावर, शस्त्रक्रिया झालेल्या पुरुषांसाठी व्हॉट्सअ‍ॅपवर एक सल्ला फिरतो आहे: ‘धार मोठी झाली की आजार संपला, वर्षभर त्रास नसेल तर पुन्हा तपासणीला जाऊ नका, तो नुसता पैसे काढण्याचा प्रकार आहे.’ खर्चाविषयीची चीड समजण्यासारखी आहे, पण बाकीचे म्हणणे टिकत नाही.

पहिला मुद्दा धारेचा. मार्ग पुन्हा आकसू लागला, तरी मूत्राशयाचा स्नायू अधिक जोर लावून ती उणीव बराच काळ झाकतो. प्रौढ पुरुषाच्या मूत्रमार्गाचे माप साधारणपणे 24 ते 30 फ्रेंच असते, आणि 3 फ्रेंच म्हणजे 1 मिलिमीटर व्यास. हा मार्ग सुमारे 10 फ्रेंचपर्यंत, म्हणजे जेमतेम सव्वातीन मिलिमीटरपर्यंत, अरुंद होईतो अनेकांना काहीच जाणवत नाही. म्हणून काही शल्यविशारद 16-17 फ्रेंचची लवचीक दुर्बीण अडथळ्याविना पुढे जाते का, यावर यश ठरवतात. इतर काही जण पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली नाही, एवढ्यालाच यश म्हणतात. पहिली कसोटी अधिक कडक असल्याने तेच रुग्ण मोजूनही तिची टक्केवारी कमी भरू शकते. कोणी ‘नव्वद टक्के यश’ सांगितले, तर ते कोणत्या कसोटीने, हे आधी विचारावे.

युरोफ्लोचा, म्हणजे लघवीच्या धारेचा वेग मोजणाऱ्या तपासणीचा, एकच आकडाही पुरेसा नाही. लघवी 150 मिलिलिटरपेक्षा कमी झाली असेल, तर तो आकडा भरवशाचा नसतो. त्याहून बोलका असतो आलेख: घंटेसारखा चढउतार जाऊन सपाट पठार दिसू लागले, तर शंका घ्यावी. अर्थात, उतारवयात मंद धारेमागे प्रोस्टेटही असू शकते.

वर्षाच्या मुदतीबद्दल एवढेच, की पुनरुद्भव बहुधा पहिल्या एक-दोन वर्षांत होतो हे खरे असले, तरी तो पुढेही होतो, आणि लायकेन स्क्लेरोसस हा त्वचेचा दीर्घकालीन दाहविकार असलेल्यांना तर दीर्घकाळ लक्ष ठेवावे लागते. प्रत्येकाने दरवर्षी दुर्बीण घालून घ्यावी असे मात्र मी म्हणत नाही. धोका कमी असेल, तर लक्षणांची विचारपूस, युरोफ्लो आणि लघवीनंतर उरलेल्या मूत्राची सोनोग्राफी यांवर बरेचदा भागते.

या सल्ल्यात एक गोष्ट मुळीच नाही. मार्ग मोकळा असूनही लघवीनंतर थेंब गळत राहणे, ताठरतेत फरक पडणे किंवा मूत्रमार्गाच्या दुरुस्तीसाठी गालाच्या आतले अस्तर काढले असल्यास त्या जागी तोंड आवळणे, हे त्रास कोणत्याही धारेत दिसत नाहीत. ते रुग्णालाच विचारावे लागतात.