पोटॅशियम नॉर्मल आले म्हणून अल्डोस्टेरॉन निर्दोष ठरत नाही

‘बीपी गोळ्यांना दाद देत नसेल तर पोटॅशियम तपासा. नॉर्मल आले तर अल्डोस्टेरॉनचा दोष नाही. कमी आले तर सीटी स्कॅन करा. गाठ दिसली की काढा, बीपी कायमचे जाईल.’ व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या या सल्ल्याने रुग्णांचे खरेच नुकसान होते. अल्डोस्टेरॉन हे मूत्रपिंडांवर बसलेल्या अॅड्रिनल ग्रंथींचे हार्मोन. ते गरजेपेक्षा जास्त सुटले की बीपी वाढते आणि पोटॅशियम लघवीवाटे जाते.

आधी पोटॅशियम. १९५५ मध्ये अमेरिकी डॉक्टर जेरोम कॉन यांनी ज्या रुग्ण महिलेवरून हा आजार मांडला, तिचे पोटॅशियम फार खाली होते. तीच खूण सगळ्यांच्या डोक्यात बसली. प्रत्यक्षात बहुतेक रुग्णांचे पोटॅशियम नॉर्मल असते. शिवाय रक्त घेताना दंडाला पट्टा आवळून मूठ उघडझाप करायला लावली, तर आकडा खोटाच वर जातो.

तपासायचे ते अल्डोस्टेरॉन आणि रेनिन (अल्डोस्टेरॉनला चालना देणारा मूत्रपिंडातला स्राव), रक्ताच्या एकाच नमुन्यात. जास्तीचे अल्डोस्टेरॉन शरीरात मीठ धरून ठेवते, म्हणून रेनिन दबते. नमुना सकाळी, उठून दोन तास हिंडल्यावर आणि पाच-पंधरा मिनिटे बसून द्यावा. पोटॅशियम कमी असेल तर आधी भरून काढावे, नाहीतर अल्डोस्टेरॉन फसवे कमी येते. तपासणीआधी अळणी जेवू नये. त्याने रेनिन वाढते आणि आजार लपतो. टेल्मिसार्टन ही बीपीची गोळी आणि लघवीच्या गोळ्याही तसेच करतात. मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉल या बीपीच्या गोळ्या उलट्या वागतात: रेनिन दाबतात आणि नसलेला आजार दाखवतात. अल्डोस्टेरॉनला अडवणारी स्पायरोनोलॅक्टोन ही गोळी साधारण चार आठवडे आधी थांबवतात, पण डॉक्टरांनी पर्यायी गोळी दिल्यावरच. मनाने काहीही बंद करू नका. अल्डोस्टेरॉनला रेनिनने भागून येणारे गुणोत्तर ३० च्या वर गेले तर संशय बळावतो. मात्र हा आकडा रेनिनची क्रियाशीलता मोजली असेल तरचा. काही लॅब थेट रेनिनचे प्रमाण मोजतात, तिथे हिशेब वेगळा. रिपोर्टवरचे एकक आधी बघा.

आता गाठ. चाळिशीनंतर अॅड्रिनलवर निरुपद्रवी गाठी सर्रास दिसतात, आणि हार्मोन सोडणारी बारीक गाठ सीटीत दिसतही नाही. त्यामुळे शस्त्रक्रियेआधी दोन्ही ग्रंथींच्या शिरांतून रक्त घेऊन कोणती बाजू दोषी ते ठरवतात. उजवी शीर आखूड असते, नळी चुकते. म्हणून सोबत कॉर्टिसॉल हे याच ग्रंथींचे दुसरे हार्मोन मोजून नमुना बरोबर जागेचा आहे का ते पडताळतात. पस्तिशीच्या आतला, पोटॅशियम कमी असलेला आणि सीटीत एकाच बाजूला स्पष्ट गाठ असलेला रुग्ण याला अपवाद ठरू शकतो.

एका बाजूचा दोष असेल तर ती ग्रंथी काढल्यावर पोटॅशियम बहुधा सुधारते, बीपीही उतरते. गोळ्या मात्र सगळ्यांच्या सुटत नाहीत. दोन्ही बाजूंचा असेल तर शस्त्रक्रिया नाही, स्पायरोनोलॅक्टोन: १२.५ ते २५ मिलिग्रॅमपासून सुरुवात, मग पोटॅशियम आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या कामाची तपासणी) पाहत वाढ. पुरुषांची छाती दुखू लागली, फुगली तर तशाच कामाची दुसरी गोळी, एप्लेरेनोन. या गोळ्या चालू असताना ‘कमी सोडियमचे’ मीठ घरात आणू नका. त्यात पोटॅशियम क्लोराइड असते, आणि या गोळ्याही पोटॅशियम वाढवतात.