सोलापूरच्या किल्ल्यावर नवरी फुकट

सोळाव्या शतकात दख्खनच्या एखाद्या शाही घराण्यात मुलगी म्हणून जन्म घ्यायचा बेत असेल, तर आधी एवढी चौकशी करा: सोलापूरचा किल्ला सध्या कोणाकडे आहे? नवऱ्याचा स्वभाव, आधीच्या बायका वगैरे किरकोळ बाबी मागाहून कळतातच.

विजापूरची मरियम घ्या. १५२४ साली तिचं लग्न अहमदनगरच्या बुरहान निजामशहाशी लागलं. हुंड्यात सोलापूर द्यायचं ठरलंय, असं वरपक्षाचं म्हणणं. नवरी पोचली, किल्ला काही पोचला नाही. मग जावईबापू फौज घेऊनच सासुरवाडीवर चालून गेले. मानपानावरून रुसणारे व्याही आजही आहेत, पण ते निदान तोफा आणत नाहीत. अशा वेळी तुम्ही कोणाची बाजू घ्यायची? काळजी नसावी, तुम्हाला कोणी विचारणार नाही.

सोलापूरवरून पुढे किती वर्षं डोकी फुटली! शेवटी विजयनगरची धास्ती वाटू लागली तेव्हा दोन्ही घरांनी साटंलोटं केलं. हुसेन निजामशहाची चांदबीबी विजापूरच्या अली आदिलशहाला, अलीची बहीण हुसेनच्या मुर्तजाला. चांदबीबीसोबत सोलापूर हुंड्यात गेलं. की सोलापूरसोबत चांदबीबी, हे ज्याने त्याने ठरवावं. जानेवारी १५६५ मध्ये व्याही खांद्याला खांदा लावून तालिकोटला लढले, विजयनगर बुडालं. लग्न लाभलं म्हणायचं.

आता समजा, चांदबीबी तुम्हीच. १५८० मध्ये नवरा मारला जाईल. नऊ वर्षांचा पुतण्या गादीवर बसेल आणि राज्य तुम्ही सांभाळाल. फार नीट सांभाळू नका, नाहीतर दरबारातलेच कारभारी तुम्हाला साताऱ्याच्या किल्ल्यात कोंडतील. हवा छान आहे तिथली.

सुटलात की लगेच पुतणीचं बघा. खदिजाला तुमच्याच माहेरी द्या, मुर्तजाच्या मुलाला, मीरान हुसेनला. घर माहितीतलं. सासरा मुलाच्या बिछान्याला आग लावतो, म्हणून १५८८ मध्ये मुलगा बापाला हमामखान्यात कोंडून गुदमरवून मारतो, आणि पुढच्याच वर्षी त्याचाही निकाल लागतो. एवढं सोडलं तर माणसं चांगली.

माहेरचं दार मात्र तुम्हाला कायम उघडं. विशेषतः १५९५ मध्ये, शाहजादा मुराद मोगली फौज घेऊन अहमदनगरच्या तटाला सुरुंग लावत असताना. तट फुटेल. तोंडावर बुरखा, हातात तलवार, अशा खिंडारात उभ्या राहा आणि रातोरात भिंत भरून घ्या. पुढे वऱ्हाड देऊन तह कराल, तेव्हा सगळे वाहवा करतील.

दुसऱ्यांदा मात्र तहाच्या भानगडीत पडू नका. तहासाठी तुम्हाला उजवून टाकणं ही घराण्याची इभ्रत, तोच तह स्वतः करायला गेलात की फितुरी. १६०० मध्ये मोगल पुन्हा आले. किल्ला टिकत नाही हे ओळखून चांदबीबीने बोलणी करायचं ठरवलं, तशी ‘बाई मोगलांना मिळाली’ अशी आवई उठली आणि तिच्याच सैनिकांनी महालात घुसून तिला ठार मारलं. मग त्याच सैनिकांनी किल्ला लढवला, आणि ऑगस्टमध्ये तो मोगलांनी घेतला.