खजिना मातीमोल करण्याची सोपी रीत

आपण ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या कल्पनेतल्या साहसांच्या खेळाचे डन्जन मास्टर असाल, म्हणजे दर शनिवारी संध्याकाळी चार-पाच मित्रांना टेबलाभोवती बसवून फाशांच्या साक्षीने त्यांना अद्भुत जगाची सफर घडवत असाल, तर राक्षसांची फारशी चिंता करू नये; चिंता खजिन्याची करावी. राक्षस एकदा मारला की संपतो. खजिना हाती आला की मात्र खेळाडू विचार करू लागतात, की हा कोणाचा, कसा न्यायचा, कशावर खर्च करायचा. आणि विचार करणारे खेळाडू म्हणजे आपण रात्री जागून रचलेल्या कथानकावर फिरलेला नांगरच. तेव्हा खजिना जितका बिनमहत्त्वाचा राहील, तितके आपले शनिवार सुखाचे जातील. हे मुळीच अवघड नाही. मी स्वतः कित्येक वर्षे ते विनासायास साधत आलो आहे.

जुन्या मंडळींनी या बाबतीत भलताच घोळ घालून ठेवला होता. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ 1974 मध्ये आला, तेव्हा तळघरातून सुखरूप बाहेर काढलेल्या सोन्याच्या प्रत्येक नाण्यामागे एक अनुभवगुण मिळत असे; असे गुण साठले, की खेळाडूचे पात्र वरच्या लेव्हलला जाई. राक्षस मारून त्या मानाने फारच थोडे हाती लागत असल्यामुळे खेळाडू लढाई टाळत, पहारेकऱ्यांना लाच देत, राक्षस झोपलेला असताना पेटी पळवत आणि एकंदरीत अत्यंत अशोभनीय शहाणपणाने वागत. पुढे 1979 च्या मार्गदर्शक ग्रंथात वरच्या लेव्हलला जाण्यासाठी प्रशिक्षणाची अट आली आणि त्याची फी आठवड्याला लेव्हलच्या 1,500 पट सोन्याची नाणी अशी ठरली. आता गंमत अशी, की चोराच्या पात्राला दुसऱ्या लेव्हलसाठी अनुभवगुण लागत अवघे 1,251. म्हणजे बिचारा परीक्षेत पास, पण क्लासची फी भरण्यापुरते पैसे खिशात नाहीत. गुरूची दक्षिणा जमवण्यासाठी त्याला पुन्हा चोरीच करावी लागे. पैशाची अशी चणचण असली, की पैशाला किंमत येते. आपल्याला नेमके तेच टाळायचे आहे. 2000 साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीत सोन्याचे अनुभवगुण मूळ नियमांतून गेलेच आणि कोणत्या लेव्हलच्या पात्राजवळ किती मालमत्ता असावी याचा तक्ता आला. दहाव्या लेव्हलला सोन्याची 49,000 नाणी, विसाव्याला 7,60,000. वेतनश्रेणीच म्हणा ना.

दुसरे पथ्य वजनाचे. 1979 च्या नियमांत दहा नाण्यांचे वजन एक पौंड भरे, म्हणजे एकेक नाणे चार-साडेचार तोळ्यांचे. 2014 च्या पाचव्या आवृत्तीत पौंडाला पन्नास नाणी भरतात, तरी हिशेब मांडू गेल्यास पंचाईत होतेच. समजा, आपण मोठ्या दिमाखात सांगितले, की कोपऱ्यात तांब्याच्या 5,000 नाण्यांची पेटी आहे. कोणी चौकस खेळाडू कॅल्क्युलेटर उघडेल आणि त्याला दिसेल, की हे शंभर पौंडांचे, म्हणजे 45 किलोंचे धूड आहे आणि त्याची एकूण किंमत सोन्याची पन्नास नाणी, म्हणजे जखमा भरून काढणाऱ्या औषधाची एक बाटली. मग चर्चा सुरू होईल: खेचर आणायचे का, गावातून हमाल आणायचे का, आणले तर ते तोंड बंद ठेवतील का, निम्मी नाणी इथेच पुरून ठेवायची का. अर्धा तास गेला आणि आपला पुढच्या दालनातला सापळा तसाच पडून राहिला. म्हणून पहिल्याच सत्रात प्रत्येकाला ‘बॅग ऑफ होल्डिंग’ नावाची एकेक जादूची पिशवी देऊन टाकावी. 2014 च्या नियमांत तिच्यात 500 पौंड माल मावतो आणि ती स्वतः भरते पंधरा पौंड. विषय संपला.

इतिहास जाणणारा एखादा खेळाडू अशा वेळी हमखास आडवा येतो. तो म्हणेल, की ऑक्टोबर 1670 मध्ये शिवाजी महाराजांनी सुरत दुसऱ्यांदा लुटली, त्यानंतरची मोठी लढाई सुरतेत झालीच नाही. ती झाली परतीच्या वाटेवर, वणी-दिंडोरीला, कारण लुटीने लादलेला तांडा स्वराज्यात सुखरूप पोहोचवायचा होता आणि मोगल फौज वाट अडवून उभी होती. लूट मिळवण्याइतकेच ती घरी नेणे हेही साहस आहे, असा त्याचा मुद्दा असतो. मुद्दा बिनतोड आहे. त्याला चहा द्यावा आणि फासे टाकायला सांगावे.

यानंतर बाजारभाव. पाचव्या आवृत्तीत अकुशल मजुराची रोजची मजुरी चांदीची दोन नाणी आहे आणि पोलादी पत्र्याच्या संपूर्ण चिलखताची किंमत सोन्याची 1,500 नाणी. एका सोन्याला दहा चांदी, या हिशेबाने त्या मजुराने न खाता-पिता वीस वर्षे राबावे, तेव्हा कुठे त्याच्या अंगावर ते चिलखत चढेल. अतिबलाढ्य राक्षसांच्या खजिन्याच्या तक्त्यावर आपण फासे टाकले, तर सरासरीने सोन्याची 42,000 आणि प्लॅटिनमची 28,000 नाणी निघतात. ही रक्कम त्या मजुराच्या चार हजारांहून अधिक वर्षांच्या कमाईएवढी होते. एवढे धन खेड्यात आले तर धान्याचे भाव कुठे जातील, सावकार काय करील, राजाचा कारकून कोणत्या कराची पावती घेऊन दारात उभा राहील, हे प्रश्न पडू देऊ नयेत. आपल्या खानावळवाल्याने शंभर सोन्याची बक्षिसी खिशात टाकून “आभारी आहे” एवढेच म्हणावे आणि पुढचा बियरचा पेला तांब्याच्या चार नाण्यांनाच द्यावा. चिलखत घेऊन झाल्यावर खेळाडूंना विकत घेण्याजोगे काही उरू नये, हेही पाहावे. गढी, जहाज, देवळाचा जीर्णोद्धार, मेलेल्या मित्राला उठवण्यासाठी लागणारा हिरा, असली खर्चिक प्रलोभने दृष्टीआड असलेली बरी.

खजिन्याच्या मालकाबद्दल तर चकार शब्द काढू नये. आजीच्या गोष्टीत पुरलेल्या हंड्यावर नाग बसलेला असे आणि तो नाग कोण, कोणाचा पूर्वज, कोणत्या वासनेने अडकला, हे कळल्याशिवाय गोष्ट पुढे सरकत नसे. आपला ड्रॅगन नुसता बसलेला असावा. त्याच्याखाली नाणी असावीत, आणि नाण्यांवर कोणाचाही छाप नसावा.

हा नियम मी एकदाच मोडला, तो केवळ थकव्यामुळे. रात्रीचे साडेदहा झाले होते. लुटीची यादी वाचताना “चांदीचा पेला, किंमत पंचवीस सोन्याची नाणी” यावर थांबायचे, ते सोडून मी बोलून गेलो, की त्याची कड एका बाजूला चेपलेली आहे, तिथे लहान मुलाच्या दातांच्या खुणा आहेत आणि बुडाशी, आपल्याकडे लग्नातल्या भांड्यांवर असते तसे, कोणाकडून कोणाला ते कोरलेले आहे. क्लेरिकचे, म्हणजे पुरोहिताचे, पात्र खेळणाऱ्या मैत्रिणीने पेन्सिल खाली ठेवली आणि नावे विचारली. मला दोन नावे सुचवावी लागली. तिने ती उतरवून घेतली आणि किमतीच्या रकान्यात लिहिले: “विकायचा नाही.”

चूक निस्तरण्यासाठी पुढच्याच शनिवारी मी बाजारातल्या एका खिसेकापूकरवी तो पेला चोरवला. त्याचा उपयोग झाला नाही. त्यांनी खिसेकापूचा माग काढला, चोरीचा माल घेणाऱ्या सोनाराला गाठले, पेला वितळवू नये म्हणून त्याला हजार सोन्याची नाणी मोजली आणि आता ती मंडळी त्या दोन नावांचे घर शोधत गावोगाव हिंडत आहेत. तीन शनिवार झाले. माझा ड्रॅगन 42,000 नाण्यांवर बसून आहे आणि त्याच्याकडे कोणी फिरकलेले नाही.