नट बदलायचा नसतो

शनिवारी गॅरेजवाल्याने हातात बिल ठेवलं. त्यात सगळ्यात खाली, वाकड्या अक्षरात, नट-बोल्ट 350. आणि त्या साडेतीनशेतला एकही नट नवीन नव्हता हो! सगळे माझ्याच गाडीचे, दहा वर्षं जुने, डिझेलच्या ट्रेमध्ये आंघोळ घालून परत बसवलेले. म्हणजे मी माझेच नट मलाच विकत घेतले. विचारलं तर म्हणतो, "पात्रांव, धुवायला डिझेल लागलं मरे."

झालं काय, तर पाऊस संपला आणि डिचोली-म्हापसा रस्त्यावर डावं पुढचं चाक खटखट वाजायला लागलं. लोअर आर्म, म्हणजे चाकाला खालून गाडीशी धरणारा दांडा, गेलाय म्हणाला. बदल म्हटलं. इथपर्यंत भांडण नाही.

भांडण सुरू झालं ते मी वाकून बघितलं तेव्हा. लोअर आर्मचे नट बऱ्याच गाड्यांत नायलॉक जातीचे असतात, आत प्लास्टिकची एक रिंग असते, ती बोल्टच्या आट्यांना चावून धरते म्हणून नट हादऱ्याने सुटत नाही. एकदा काढला की रिंग झिजते, म्हणून तो परत वापरायचा नाही असं सांगतात. पोरगा तो नट बोल्टवर दोन बोटांनी फिरवत होता, सरसरसर, बाटलीचं झाकण लावल्यासारखा. पान्याची गरजच नाही. मी म्हटलं, अरे हा चावतच नाही, नवीन घाल. वर टाय रॉडची, म्हणजे स्टेअरिंगकडून चाकाला जाणाऱ्या दांड्याची, स्प्लिट पिन, नट सुटू नये म्हणून आरपार घालून दुमडायची, जी दोन रुपयांची वस्तू आहे आणि जिच्यावर माझं स्टेअरिंग चाकाला धरून आहे, ती त्याने पकडीने सरळ करून शर्टच्या खिशात ठेवलेली. परत घालायला.

"नवीन नट पाहिजे मला," मी जरा मोठ्यानेच बोललो.

तर मागच्या बाकड्यावरून आवाज आला, "नट बदलायचा नसतो."

वळून बघतो तर एक आजोबा. पंचाहत्तरीच्या पुढचे, लुंगी, हातात चहाचा ग्लास. गाडी त्यांची नाहीच, स्कूटर पण नाही, ते तिथे सावलीला बसतात म्हणे रोज. मला वाटलं जुने मेकॅनिक असतील.

"आमच्या गावच्या जत्रेत," आजोबा म्हणाले, "बावीस वर्षं दुर्योधन एकच. नट एकच."

मी म्हटलं, आजोबा, मी ह्या नटाबद्दल बोलतोय, लोखंडी.

"तोच लोखंडी होता! पळय, गदा खरी उचलायचा. एकदा कमिटीत नवी पोरं आली, म्हणाली दुर्योधन म्हातारा झाला, नवीन नट घालूया. घातला. पहिल्याच अंकात मिशी पडली, आणि हा वाकून ती उचलतोय आणि द्रौपदी हसतेय. नाटकाचा काला झाला. पुढच्या वर्षी जुन्याच्या घरी नारळ घेऊन गेले."

गॅरेजातली तिन्ही पोरं काम सोडून ऐकत उभी, आणि मेन मेकॅनिक, ज्याला मी गेला अर्धा तास नायलॉक समजावत होतो, तो मान हलवत म्हणाला, "बरोबर. जुना तो जुना." म्हणजे माझ्या सस्पेन्शनचा निकाल दुर्योधनाच्या मिशीवर लागला.

मी हट्टाला पेटलो. आजोबा म्हणे, "जुन्याला सवय असते." हो असते, सुटायची! तसाच उन्हातून चालत बाजारात गेलो. पहिल्या स्पेअर पार्टवाल्याने विचारलं कुठला साइज, मला साइज माहीत नाही. परत आलो, साइज घेऊन परत गेलो. दोन नायलॉक नट, एक स्प्लिट पिन, 70 रुपये. घाम पुसत येतो तर चाक चढलेलं, जॅक खाली, पोरगा हात धूत होता.

एक सांगतो, लोअर आर्मच्या बुशचे, म्हणजे रबरी सांध्याचे, बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडी चारी चाकांवर उभी असताना, नाहीतर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. ह्याने गाडी जॅकवर लटकत असतानाच आवळून टाकलेले. टॉर्क पाना, म्हणजे जोर मोजून आवळायचा पाना, विचारला तर पोरगा स्वतःच्या दंडाकडे बघून हसला. मी पण हसलो, का हसलो कोण जाणे. तुम्ही पैसे देता आणि वर तुम्हीच लाजता, हे फक्त गॅरेजमध्ये आणि डेंटिस्टकडे होतं.

शेवटी पिन तरी बदल म्हणून मी बोनेटसमोर उभाच राहिलो. स्टेअरिंग पूर्ण एका बाजूला वळवलं की चाक न काढता मागून हात जातो, तशी त्याने ती नवीन पिन घातली, तोंड वाकडं करून, आणि तिची दोन टोकं दुमडताना "शिकलेल्या गिऱ्हाइकाचा त्रास" असं काहीतरी पुटपुटला. नायलॉक मात्र नाही. "परत काढायचे तर परत लेबर." किती? 400. सत्तर रुपयांच्या आतले नट घालायला चारशे!

सोमवारी म्हापशाला दुसरीकडे नेणार आहे, तोवर गाडी हळू.

निघताना आजोबांनी हात दाखवला. त्यांना देवळापर्यंत सोडायचं होतं. सोडलं. पहिल्याच गतिरोधकावर खटखट.

"ऐकलंत?" मी म्हटलं. "तुमचा दुर्योधन!"

आजोबांनी कान देऊन ऐकलं, मग गिअरजवळच्या कपहोल्डरमध्ये हात घातला आणि माझे दोन नवे कोरे नायलॉक नट बाहेर काढले.

"हे वाजतात," म्हणाले, आणि लुंगीच्या सोग्यात बांधून घेऊन गेले.