मामांचं पंपिंग आणि माझा एक चुकीचा शब्द

नमस्कार. "स्टेम सेल्सच्या इंजेक्शननंतर माझ्या मामांचं पंपिंग २८ वरून ३७ झालं, आणि तुम्ही घरी बसून लोकांची आशा मोडताय," ही माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. (स्टेम सेल्स म्हणजे इतर प्रकारच्या पेशी बनवू शकणाऱ्या मूळ पेशी. पंपिंग म्हणजे दर ठोक्याला हृदय आतलं किती टक्के रक्त बाहेर ढकलतं तो आकडा.) मामा हिंडूफिरू लागलेत, हे वाचून खरंच बरं वाटलं.

आधी माझी चूक. लेखात मी हृदयासाठीचे स्टेम सेल्सचे सगळेच उपचार 'थोतांड' म्हटले होते. तो शब्द मागे घेतो. ओसाका विद्यापीठात २०२० साली आयपीएस पेशींपासून (साध्या पेशींना प्रयोगशाळेत पुन्हा मूळ पेशींसारखं बनवून मिळवलेल्या) तयार केलेले हृदयस्नायूंचे पातळ पापुद्रे रुग्णाच्या हृदयावर बसवले, तेही रीतसर चाचणीत. त्याला थोतांड म्हणणं हा माझा आगाऊपणा झाला.

पण मामांना त्याच आठवड्यात स्टेंट बसला, गोळ्याही सुरू झाल्या, हे तुम्हीच लिहिलंय. हृदयविकाराच्या झटक्यात हृदयाचा काही भाग मरतो, काही नुसता बधिर होतो. रक्त पुन्हा पोचलं की हा बधिर भाग काही आठवड्यांत कामाला लागतो आणि पंपिंग वाढतं. शिवाय इको (हृदयाची सोनोग्राफी) करणारा बदलला तरी आकडा चार-पाचने इकडेतिकडे होतो. मग श्रेय नेमकं कोणाला द्यायचं? त्यासाठीच इंजेक्शन न दिलेले रुग्ण तुलनेला लागतात. हार्ट फेल्युअरच्या, म्हणजे हृदय कमजोर झालेल्या, ५३७ रुग्णांच्या ड्रीम-एचएफ या स्टेम सेल्सच्या चाचणीत निम्म्यांवर नुसता प्रक्रियेचा देखावा केला होता. हार्ट फेल्युअरमुळे पुन्हापुन्हा दाखल होणं पेशी दिलेल्यांमध्येही कमी झालं नाही. झटके आणि पक्षाघात मात्र कमी दिसले, तेही सांगायला हवं.

"उंदरांत केव्हाच सिद्ध झालंय" म्हणता, तो २००१चा शोधनिबंध. अस्थिमज्जेतल्या पेशींपासून हृदयाचा स्नायू बनतो, असा त्यात दावा होता. २००४ मध्ये दुसऱ्या प्रयोगशाळांनी पडताळलं, तर तसं होताना दिसेना. त्या निबंधामागच्या पिएरो अन्व्हर्सा यांच्या प्रयोगशाळेचे पुढचे तब्बल ३१ निबंध मागे घ्यावेत, असं २०१८ मध्ये हार्वर्डनेच सांगितलं. कारण बनावट किंवा फेरफार केलेली माहिती! माझा राग आहे तो यावर, तुमच्या मामांवर नाही.

आणि त्या इंजेक्शनसाठी मोजलेले ते चार लाख. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार हृदयासाठी स्टेम सेल्स फक्त चाचणीतच देता येतात, आणि चाचणीतल्या रुग्णाकडून त्याचे पैसे घ्यायचे नसतात. मामांच्या फाइलमध्ये सीटीआरआयचा (भारतातल्या चाचण्यांच्या अधिकृत नोंदवहीचा) नोंदणी क्रमांक सापडला तर कळवा, लेखात भर घालतो. 'आता बरं वाटतंय' म्हणून मामांनी गोळ्या सोडल्या नाहीत ना, तेवढं आजच विचारा.